कानसेनांचं साउंड कार्ड

कानसेनांच्या घरातली एकेक वस्तू बिघडत चालली होती. आधी दाराची घंटा गेली. मग किटलीची शिट्टी गेली. पाणी उकळून आटून जायचं, किटलीचं बूड काळं पडायचं, पण शिट्टी काही वाजायची नाही. दर रविवारी वहिनींचा फोन यायचा आणि त्यांचं निम्मं बोलणं वाटेत तारेतच सांडायचं. बँकेतली नवी मुलगी तोंडातल्या तोंडात बोलायची, बसमधला कंडक्टर पुटपुटायचा, आणि टीव्हीवरच्या माणसांनी तर स्पष्ट बोलणं सोडूनच दिलं होतं. साऱ्या जगात शाबूत राहिले होते ते फक्त कानसेनांचे कान. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण त्यांना ठाऊक नव्हती असं नाही, पण ती त्यांनी जन्मभर दुसऱ्यांसाठीच वापरली होती.

कानसेन हे नाव त्यांना रेडिओवर पडलं. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, काचेच्या अलीकडे बसून काढली. पलीकडे मोठमोठी माणसं भाषणं करायची आणि अलीकडून यांचं बोट वर व्हायचं. खिशात किल्ल्या वाजताहेत, काढून ठेवा. घसा कोरडा पडलाय, पाणी प्या. उजवा बूट करकरतोय, पाय हलवू नका. मंत्री असो नाहीतर शिपाई, त्या बोटापुढे सगळे सारखे. या माणसासमोर मनातल्या मनात शिवी द्यायचीही चोरी, असं सहकारी म्हणायचे. त्यांनीच थोडं कौतुकानं, थोडं वैतागून त्यांना कानसेन म्हणायला सुरुवात केली आणि खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं. लग्न त्यांनी केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, मला दुसऱ्याचं घोरणं सहन होणार नाही. लोक हसायचे आणि विषय तिथेच संपायचा. आता घरात कुणीच घोरत नव्हतं, आणि ते सहन करायला त्यांना दिवसेंदिवस जड जात होतं.

निवृत्तीनंतर अंधांसाठी बोलती पुस्तकं काढणाऱ्या एका संस्थेनं त्यांना काम दिलं. वाचनाची आवड असलेली माणसं आपापल्या घरी बसून पुस्तक मोठ्यानं वाचायची आणि कॅसेटवर टेप करून पाठवायची. कानसेन त्या कॅसेटी टेपरेकॉर्डरवर लावत. तिथून एक वायर कॉम्प्युटरच्या पाठीमागे साउंड कार्डात जायची आणि त्या कार्डातून आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरायचा. मग हेडफोन चढवून ते खोकले, शिंका, पानांची फडफड, गिळलेले आवंढे असं सगळं निवडून काढत, धान्यातले खडे काढावेत तसं. साफ झालेलं पुस्तक सीडीवर घातलं की संस्थेचा माणूस येऊन घेऊन जाई, आणि त्या आठवड्यात त्यांच्या दारात आलेला तेवढा एकच माणूस असे.

या कामात एक रीत असते. टेप सुरू केल्यावर वाचणाऱ्यानं लगेच वाचायचं नाही. थोडा वेळ नुसतं गप्प बसून राहायचं. त्या खोलीची शांतता टेपेत यावी म्हणून. पुढे खोकला कापला की तिथे भोक पडतं, आणि ते तसंच सोडलं तर ऐकणारा दचकतो. त्याला वाटतं, यंत्र बंद पडलं की वाचणाऱ्या बाईंना काही झालं. म्हणून त्या भोकाला सुरुवातीच्या शांततेतला एक तुकडा कापून लावायचा. ठिगळ त्याच ताग्यातलं हवं, दुसऱ्या खोलीची शांतता लावली तर लगेच कळतं. कानसेन हे ठिगळकाम असं करत की ज्या बाईंनी खोकून खोकून वाचलं त्यांनासुद्धा आपण खोकलो होतो हे आठवू नये.

वाचणारे पुष्कळ होते, पण कानसेन वाट बघत ती एकाच पाकिटाची. त्या बाई फक्त कादंबऱ्या वाचायच्या, म्हणून मनातल्या मनात यांनी त्यांना कादंबरीवाल्या बाई म्हणायला सुरुवात केली होती. त्यांना यांनी कधी पाहिलं नव्हतं. तरी बाईंना सर्दी होणार हे बाईंच्या आधी यांना कळायचं. बाईंनी नवी कवळी बसवली ते यांनी "स" वरून ओळखलं आणि ती सवयीची झाली तेही ओळखलं. कादंबरीत कुणी मेलं की बाईंचा आवाज घट्ट व्हायचा, एखादं लबाड पात्र बोलायला लागलं की त्या किंचित हसत वाचायच्या. दिवसचे दिवस कानसेनांच्या कानात त्यांच्याशिवाय दुसरं माणूस नसायचं. संबंध म्हणाल तर चिठ्ठीचा. काम झालं की कॅसेटबरोबर ते चिठ्ठी धाडत: कृपया खिडक्या लावून वाचावे, चिमण्या फार आहेत. कृपया वाचताना घरात भांडी घासू नयेत. कृपया भिंतीवरचं घड्याळ दुसऱ्या खोलीत ठेवावे. अशा चिठ्ठीला उत्तर तरी काय येणार?

पूर्वी बाईंच्या घरची शांतता म्हणजे बाजार होता. घड्याळ टिकटिकायचं, खिडकीत चिमण्या भांडायच्या, आत कुठेतरी चमचे आणि ताटल्या वाजायच्या, आणि दाराआड कुणीतरी लहान मूल खुदकन हसायचं. एक स्वच्छ तुकडा शोधायला कानसेनांचा जीव मेटाकुटीला यायचा. मग गेल्या दोनेक वर्षांत ते सगळं हळूहळू बंद झालं. आधी चिमण्या गेल्या. मग घड्याळ थांबलं. मग चमचे वाजेनासे झाले, आणि ते खुदखुदणारं मूलही गेलं. आता बाईंनी टेप सुरू केली की निव्वळ शांतता यायची, कुठूनही कापून घ्या, ठिगळ तयार.

पहिल्यांदा कानसेनांना आपल्या चिठ्ठ्यांचा अभिमान वाटला. नंतर त्यांना वेगळंच वाटू लागलं. घरातलं घड्याळ कधी थांबतं? त्याला चावी देणारं माणूस जातं तेव्हा. चमचे कधी वाजत नाहीत? एकटीचं जेवण असतं तेव्हा. मुलगा-सून लेकराला घेऊन कुठेतरी लांब गेले असतील, अंगणातलं झाड कुणी तोडलं असेल, आणि बाई राहिल्या असतील टेपरेकॉर्डरसमोर. कानसेनांनी ही सगळी कादंबरी स्वतःच रचली आणि तिच्यावर त्यांचा पक्का विश्वास बसला. वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर नुसतं वाईट वाटलं नाही. आपल्यासारखंच आणखी एक रिकामं घर या जगात आहे, या विचारानं त्यांना संध्याकाळी जरा बरं वाटायचं. काम संपलं तरी ते बाईंच्या टेपेची ती सुरुवात पुन्हा लावून बसत. दोन घरांमधल्या शांतता हेडफोनमध्ये एक होत आणि त्यांना सोबत झाल्यासारखं वाटे.

संस्थेकडून त्यांनी बाईंचा फोन नंबरही मागून घेतला होता, कामासाठी लागेल म्हणून. रविवारच्या फोनवर एकदा त्यांच्या तोंडून वहिनींसमोर बाईंचा विषय निघाला. मोठे भाऊ गेल्यापासून वहिनी एकट्याच होत्या, त्यामुळे असल्या गोष्टी त्यांना फोड करून सांगाव्या लागत नसत. त्या म्हणाल्या, मग करा की फोन, तुम्ही काय आता त्यांना पळवून नेणार आहात? कानसेन म्हणाले, हातातली कादंबरी पुरी झाली की करतो. मग वहिनी आणखी काहीतरी म्हणाल्या. यांनी "हं?" म्हटलं. त्या पुन्हा म्हणाल्या. यांनी पुन्हा "हं?" म्हटलं. शेवटी वहिनी ओरडून म्हणाल्या, भाऊजी, एकदा कान दाखवून या. यांनी लाइन फार खराब आहे असं सांगून फोन ठेवला.

तक्रार आली ती याच सुमारास. संस्थेच्या व्यवस्थापकांनी फोन करून सांगितलं की बाईंच्या कादंबऱ्यांमध्ये भुताटकी झाली आहे. मध्येच काहीतरी चिवचिवतं, काहीतरी टिचकतं, कुणीतरी अर्धवट कुजबुजतं आणि लगेच थांबतं. नायिका शेवटचा श्वास घेतेय, सगळे ऐकणारे डोळे पुसताहेत, आणि तेवढ्यात कुणीतरी "लं का" म्हणतं. आमचे ऐकणारे कानात तेल घालून ऐकतात, म्हणाले व्यवस्थापक, आणि एकदोघांनी नाही, सगळ्यांनी सांगितलंय. कानसेनांनी ती सीडी लावून ऐकली. पुन्हा ऐकली. आवाज वाढवून ऐकली. बाईंच्या आवाजाशिवाय त्यांना काहीएक ऐकू आलं नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची जी रेघ दिसते ती मात्र ठिगळांच्या जागी थोडी थरथरत होती. कान म्हणत होता काही नाही, डोळा म्हणत होता आहे. एवढी वर्षं कानानं कधी दगा दिला नव्हता, त्यामुळे त्यांनी डोळ्याला गप्प बसवलं आणि दोष साउंड कार्डावर टाकला.

कार्डाची बाजू लंगडी होतीच. कॉम्प्युटर घेतला तेव्हाचं कार्ड, त्यानंतर बाजारात त्याचे नातू-पणतू येऊन गेले होते. गल्लीच्या कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. ते चालवणारी बाई तिशी-पस्तिशीची, केसांत पेन खोचलेली, कायम कुणाच्या तरी उघड्या यंत्रावर वाकलेली. ती सगळ्या गिऱ्हाइकांना नात्यात बसवायची. कानसेन काका झाले होते. तिनं भुताटकीची आणि ठिगळांची सगळी हकिकत ऐकून घेतली आणि सांगितलं की जुनी कार्डं आजूबाजूच्या वायरींतला कचरा उचलतात हे खरं, कधी कधी रेडिओही पकडतात, नवं घातलं तर जाईलही. पण आधी मला एकदा ऐकू द्या, असं ती म्हणाली. ऐकल्याशिवाय कसं सांगू?

इथे कानसेन अडले. हेडफोन म्हणजे टूथब्रशसारखी वस्तू, ती दुसऱ्याला द्यायची नसते, असं त्यांनी तिला सुनावलं. बरं, मग स्पीकर लावा, ती म्हणाली. स्पीकरवर खरं ऐकू येत नाही, हे म्हणाले. बरं, मग कार्ड बदलू या, मागवू का? हे म्हणाले, विचार करून सांगतो.

आणि मग त्यांचा तो विचार सुरू झाला. घरी जाऊन त्यांनी कॉम्प्युटरची पेटी उघडली, कार्डावरची धूळ ब्रशनं झाडली, ते काढलं, पुसलं, परत बसवलं. दुकानात जाऊन विचारलं की नवं कार्ड जुन्या यंत्राला मानवेल का? मानवेल. पण आवाजाचा पोत बदलला तर? आधीच्या कॅसेटी एका कार्डातून आणि पुढच्या दुसऱ्या कार्डातून, म्हणजे एकाच कादंबरीत बाईंचे दोन आवाज व्हायचे. तसं काही होत नाही, काका. जुनं ते सोनं असं उगाच नाही म्हणत. मग नका बदलू, काका. पण नाही बदललं तर ती कुजबुज राहील. मग बदला! दुरुस्तीवाली बिचारी एका हातात स्क्रूड्रायव्हर धरून दोन्ही बाजूंनी बोलून थकली. शेजारच्या दुकानदाराला ती म्हणाली की लोक लग्न ठरवायला एवढा वेळ घेत नाहीत.

तिला काय ठाऊक, आणि कानसेनांनी तरी तिला कसं सांगावं. कार्ड जुनं होतं तोवर दोष कार्डाचा होता. नवं कार्ड बसवलं आणि तरीही लोक म्हणाले की कुजबुज येते, तर मग बोट दाखवायला उरणार काय? वायर बदलली होती, टेपरेकॉर्डर साफ झाला होता. उरणार होते ते दोन कान. हे त्यांना दाढी करताना आरशात स्पष्ट दिसायचं, आणि तोंड पुसलं की ते पुन्हा कार्डाचा विचार करू लागायचे. कानसेनांचे कान गेले तर मागे राहणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. त्यांना फार भीती वाटत होती.

शेवटी निर्णय त्यांनी घेतला नाही, व्यवस्थापकांनी त्यांना घ्यायला लावला. ते म्हणाले, एक तर कार्ड बदला, नाहीतर या बाईंच्या टेपा आम्ही इथे ऑफिसातच साफ करून घेतो, तुम्ही बाकीच्यांच्या करा. त्या दुपारी कानसेन चपला अडकवून तडक कोपऱ्यावर गेले. बाकी सगळे वाचणारे त्यांनी आनंदानं सोडले असते. बाईंचा आवाज गेला असता तर मात्र यांच्या घरात बोलायला कुणीच उरलं नसतं. कार्ड मागव, ते म्हणाले, आणि तिनं दुसरा प्रश्न विचारायच्या आत परत फिरले.

दोन-चार दिवसांनी दुरुस्तीवाली कार्ड घेऊन घरी आली. किती वेळ घंटा दाबत होते मी, काका, असं म्हणत ती आत आली, आणि कानसेनांनी घंटा बिघडल्याचं तिला सांगितलं. तिनं एकदा दाराकडे वळून बघितलं. तिनं पेटी उघडली, जुनं कार्ड काढून टेबलावर ठेवलं, नवं बसवलं, वायर जोडली. बाईंची नवी कॅसेट सकाळीच आली होती. कानसेनांनी ती लावली, हेडफोन चढवले आणि डोळे मिटले. सुरुवातीची शांतता आली. संपूर्ण, स्वच्छ, कसलाही डाग नसलेली. मग बाई वाचू लागल्या. कानसेनांनी टेप मागे नेऊन ती शांतता पुन्हा ऐकली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की दुरुस्तीवालीलाही हसू आलं.

ते म्हणाले, "गेली. कार्डच होतं. मी म्हणत नव्हतो?"

आणि त्या आनंदात, जी गोष्ट त्यांनी कुणाला करू दिली नव्हती ती केली. डोक्यावरचे हेडफोन काढले, रुमालानं पुसले आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरले. ऐक म्हणाले, शांतता कशाला म्हणतात ते ऐक.

तिनं हेडफोन लावले. कानसेनांनी टेप सुरू केली आणि ते तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. तिच्या भुवया आधी वर गेल्या. मग ती कान देऊन ऐकू लागली, आणि मग हसली. शांतता ऐकून कुणी हसत नाही, एवढं कानसेनांना कळत होतं.

"किती गोड आहे," ती म्हणाली.

"काय?"

"ही छोटी. दाराआडून विचारतेय, आजी, झालं का? आणि बाई तिला गप्प करतायत. पण त्यांनाच हसू येतंय."

कानसेनांनी पडद्याकडे बघितलं, तिथे रेघ थरथरत होती. तिनं एक कान मोकळा केला आणि त्यांच्याकडे बघितलं, आणि मग तिच्याही ध्यानात आलं. ती हुशार होती. "लं का" कुठून यायचं ते तिला क्षणात उमगलं. स्वच्छ म्हणून काका जो तुकडा कापत होते त्यात चिमण्या होत्या, घड्याळ होतं, ती छोटी होती. आणि बाईंच्या प्रत्येक खोकल्याच्या जागी, प्रत्येक शिंकेच्या जागी काकांनी तेच ठिगळ लावलं होतं. कादंबरीतल्या साऱ्या मरणांमध्ये, साऱ्या ताटातुटींमध्ये त्यांनी स्वतःच्या हातांनी त्या पोरीचे तुकडे शिवले होते. दुसऱ्या कुणाचं असतं तर ती पोट धरधरून हसली असती. तिनं हेडफोन काढायला हात वर नेला, पण कानसेनांनी तिला थांबवलं.

कपाटात बाईंच्या मागच्या टेपा होत्या, परत पाठवायच्या राहिलेल्या. त्यांनी त्या एकामागून एक लावल्या, फक्त सुरुवात, आणि दर वेळी तिला विचारलं. घड्याळ? चालू आहे, काका. चिमण्या? पुष्कळ आहेत, भांडतायत. भांडी वाजतायत का? हो, कुणीतरी ताटं मांडतंय वाटतं, आणि एक बाईमाणूस हळूच कुणाला तरी रागावतेय. या टेपेत? यात पण मुलगी आहे, गुणगुणतेय. ज्या टेपा लावून कानसेन संध्याकाळी बाईंच्या एकटेपणात आपला एकटेपणा मिसळून बसत होते, त्यातल्या एकाही टेपेत बाई एकट्या नव्हत्या. एवढं भरलेलं घर रोज त्यांच्या कानांशी येत होतं आणि परत जात होतं.

कान गेल्याचं त्यांना वाईट वाटलं, पण ते वाईट ओळखीचं होतं; दोन वर्षं ते त्याला दारातून परत पाठवत होते. जास्त लागलं ते दुसरंच. बाई सुखात आहेत, घरात नातवंड आहे, दोन्ही वेळा माणसं एकत्र जेवतायत, हे ऐकून कुठल्याही भल्या माणसाला बरं वाटायला हवं होतं. यांना आपली कुणीतरी फसवणूक केल्यासारखं वाटलं. आणि असं वाटलं म्हणून स्वतःची लाज वाटली. ते खुर्चीत बसले.

दुरुस्तीवालीनं हळूच विचारलं, मग हे कार्ड ठेवायचं की परत नेऊ? हळूच विचारलं म्हणून तिला ते दोनदा विचारावं लागलं.

"जुनंच बसव," ते म्हणाले. "त्याच्या नावानं मी उगाच शंख केला. माझ्या कानांना ते पुरून उरेल."

तिनं जुनं कार्ड परत बसवलं. जाताना दारात थांबून ती म्हणाली की तिच्या सासऱ्यांना कानाचं यंत्र लावलंय, ते कुरकुर करतात पण लावतात; डॉक्टरांचा पत्ता आणून देईन. हे ती चांगलं मोठ्यानं, तोंड त्यांच्याकडे करून बोलली. कानसेनांना अक्षर न् अक्षर ऐकू आलं आणि त्यांनी मान हलवली.

ती गेल्यावर त्यांनी व्यवस्थापकांना फोन करून सांगितलं की दोष कार्डाचा नव्हता, बाईंच्या टेपा तुमच्याकडेच करून घ्या. तिकडून विचारपूस झाली, हळहळ झाली. मग व्यवस्थापक म्हणाले, बाईंना मी कळवतो. कानसेन म्हणाले, नको, मी कळवतो.

फोन करायचा म्हणून त्यांनी जी वाक्यं महिनोन् महिने मनात घोळवली होती ती आता काही कामाची नव्हती. आपण दोघेही, असं सुरू होणारं वाक्य तर फारच जुळून आलं होतं. ते सगळं बाजूला सारून त्यांनी नंबर फिरवला. पलीकडून तोच आवाज आला, ठाम, मोकळा, थोडा खालच्या पट्टीतला, आणि त्यातला शब्द न् शब्द त्यांना कळला. त्यांनी आपण कोण ते सांगितलं.

"अहो, तुम्ही होय!" बाई म्हणाल्या. त्यांना एवढा आनंद झाला की कानसेन गोंधळलेच. बाई बोलतच सुटल्या. तुमची चिठ्ठी आली की आमच्याकडे सगळे खिडक्या लावत सुटतात हो. सून म्हणते, आले तुमचे साहेब. घड्याळ कितीदा आतल्या खोलीत नेलं, पण आमचे हे ते पुन्हा इथेच आणून टांगतात. आणि नात तर तुम्हाला गप्प आजोबा म्हणते. तिला वाटतं तुम्ही टेपेतच बसलेले असता. मी टेप सुरू केली की ती पावलं न वाजवता येते आणि अगदी कुजबुजत विचारते, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. तुम्हाला तिचा फार त्रास होत असेल.

नाही, कानसेन म्हणाले, त्रास काहीच झाला नाही. मग त्यांनी एका दमात सांगून टाकलं की पुढच्या टेपा आता दुसरं कुणी साफ करेल. का, असं बाईंनी विचारलं. तेवढ्यात तिकडे काहीतरी ओढाओढ झाली. बाई म्हणाल्या, थांबा हं, ही ऐकत नाही, हिला गप्प आजोबांशी बोलायचंच आहे, एक मिनिट देते.

रिसीव्हर या हातातून त्या हातात गेल्याची खडखड झाली आणि नंतर काहीच आलं नाही. कानसेनांनी रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. तिकडे ती पोर नक्की बोलत होती. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे कुजबुजतच बोलायचं, हे त्या घरात यांनीच तिला शिकवलं होतं.

"मोठ्यानं बोल, बाळ," ते म्हणाले. "आणखी मोठ्यानं. आजोबांना ऐकू येत नाही."